साखळी किती लावली?

ओखा बंदर
२ जुलै १९७८

ताई,

सुरुवातीला नमस्कार-विनंती लिहायची असते ती लिहिली असं समज, कारण मला दम नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आमच्या बोटीच्या मनोहर तांडेलांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे विश्वास बसला. बाबांनी मला काहीतरी विचारलंय? मला? चार वर्षांपूर्वी अप्रेंटिसच्या परीक्षेत माझ्या जॉबवर ज्यांनी सगळ्या शॉपसमोर लाल पेन्सिलीने फुली मारली, केसाएवढं माप कमी म्हणून, ते नरहरराव इन्स्पेक्टर विचारतात की पाण्यात खूण कशी उभी करतात? तुझ्या हातून विचारलं, पण विचारलं ना!

मागच्या वर्षी विसर्जनाची नाव बुडालेल्या जुन्या विहिरीच्या, बावडीच्या कमानीला घासली हे तू कळवलं नव्हतंस. आनंद नगरच्या पुढच्या त्या तलावात आम्ही उन्हाळ्यात पोहायचो, तेव्हा कमान माणसाएवढी वर दिसायची. शेजारचे भालचंद्रकाका तिच्यावरून उड्या मारायला शिकवायचे. गणपतीपर्यंत पाणी चढतं आणि ती बरोबर बुडते. दिसत नाही, पण असते. आमच्याकडे समुद्रात असल्याच जागांसाठी बोया ठेवतात.

आता बाबांना सांग. बोया म्हणजे लोखंडाचं मोठं पोकळ पिंप. वरून रंग, खालून साखळी आणि साखळीच्या टोकाला तळाशी बसणारा भार. बस. तुमच्यासाठी डांबराचं रिकामं पिंप चालेल, झाकण पक्कं झाळून घ्या. रंग लाल. दोरी नको, दोरी कुजते. भार मजबूत घ्या. साखळी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट. आणि लावून विसरायचं नाही. आमची बोट आठवड्याला जाऊन प्रत्येक बोया जागेवर आहे का बघते. किनाऱ्यावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत धरून बघतात. तरंगतोय म्हणजे जागेवर आहे असं इथे कोणी मानत नाही.

सध्या पावसाळ्यामुळे बोट धक्क्याला आहे. आम्ही बोये वाळूत आडवे पाडून शिंपल्यांच्या खपल्या खरवडतो. माझं काम तेच, बाबांना फार मोठं करून सांगू नकोस. हे पत्र बोयाच्या पाठीवरच कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

काकांची तुझ्या पत्राखालची ओळ वाचून तांडेल पण हसले. त्यांना सांग, नोकरी त्यांच्या मेहुण्याने लावली खरी, पण मेहुणा उधार विडी मागतो.

अच्युत


बरखेडा, भोपाळ
८ ऑगस्ट १९७८

प्रिय अच्यु,

तुझ्या पत्राचं घरात काय झालं ते ऐक. बाबांनी ते माझ्याकडून मागून घेतलं, चष्मा पुसला, आणि गॅलरीत जाऊन वाचलं. मग जेवणानंतर परत वाचलं. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशात घालून कारखान्यात नेलं! आई म्हणाली, "लग्नानंतर माझी पत्रं कधी खिशात ठेवली नाहीत यांनी."

त्यानंतर तीन रविवार दुसरा विषय नाही. गाठी मारलेली दोरी घेऊन बाबा आणि भालचंद्रकाका तलावावर. नाववाला म्हणे, "बाबूजी, मछली पकड़ रहे हो कि तालाब नाप रहे हो?" मग बाबा धरणाच्या चौकीदाराकडे बसले आणि त्याच्या वहीतून दहा वर्षांचं पाणी उतरवून घेतलं, अनंत चतुर्दशीला दर वर्षी किती फूट होतं ते. सरासरी काढली. कमानीपाशी बावीस फूट. तुला माहीत आहेच, बाबा चहाची साखरसुद्धा चमच्यावर बोट फिरवून सपाट करतात.

परवा रविवारी पिंप पाण्यात सोडलं. भंगारातून बिडाची दोन चाकं आणली होती भाराला. मंडळाची सगळी माणसं काठावर. पिंप असं ताठ उभं राहिलं अच्यु, जरासुद्धा हललं नाही. बाबांनी कानावरची लाल पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बरोबर." तू सांग, त्यांच्या तोंडून हा शब्द आपण कितीदा ऐकलाय? मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव म्हणाले, "कोणी शिकवलं हो हे?" तर बाबा म्हणाले, "आमचा धाकटा तिकडे याच कामात आहे."

हे मी मुद्दाम शब्दाला शब्द लिहिलंय.

तुझी
वैजयंतीताई

*अच्युत्या लेका, तुझा बाप त्या पिंपाकडे नातू झाल्यासारखा बघतो. मी म्हटलं बारसं करू या, तर रागावला. यंदा नावेच्या तोंडाला मी. मूर्तीही यंदा माझ्यासारखी आहे, पोटाने मोठी. घाबरू नको, तुझ्या पिंपापासून चार हात लांबूनच नेतो. – भालचंद्रकाका*


ओखा
२२ ऑगस्ट १९७८

ताई,

"आमचा धाकटा." ते वाक्य मी घडी करून ठेवलंय.

नारळी पौर्णिमा झाली, आम्ही परत पाण्यात. पहिल्याच फेरीत एक बोया जागेवर नव्हता. वरून बघितलं तर एकदम मस्त उभा, रंग ताजा, आम्हीच दिलेला. मी म्हटलं, आहे की! तांडेलांनी किनाऱ्यावरच्या खुणा धरून बघितल्या आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. दोनशे हात सरकला होता, खडक एकीकडे आणि हा भलतीकडे. तांडेल म्हणाले, "नसलेला बोया परवडला रे. नसला तर माणूस भिऊन चालतो. हा असा भलतीकडे उभा राहिला की माणूस हसत हसत खडकावर जातो."

मग मी त्यांना विचारलं की साखळी तिप्पट का. इतके दिवस लावत होतो, पण का ते मलाच माहीत नव्हतं. ते म्हणाले, पाणी चढलं की बोया वर जाणार. साखळीला ढील नसेल तर तो भारालाच तळातून उचलतो आणि भार लोंबकळत वाऱ्यासोबत चालू लागतो. ढील असली तर साखळी नुसती उलगडते. म्हणून बोया थोडा भटकलेला दिसला तर दिसू द्यायचा.

तू लिहिलंस की पिंप जरासुद्धा हललं नाही. हलायला हवं ताई, थोडं तरी. साखळी किती लावली, ते तू लिहिलं नाहीस. बाबांना विचारून कळव. आणि चतुर्दशीच्या आधी कोणी जाऊन बघितलं पाहिजे.

बाबा माझ्यापेक्षा शंभर पटीने हुशार आहेत, त्यांनी बरोबरच केलं असेल. तरी कळव.

अच्युत


बरखेडा
२० सप्टेंबर १९७८

चि. अच्युत,

विसर्जन झालं. आईबाबांच्या तब्येती ठीक. पाऊस फार आहे. तू पाण्यात जपून राहा. पत्र पाठवायला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

वैजयंती


ओखा
२९ सप्टेंबर १९७८

ताई,

काय झालंय?

तू मला पोस्टकार्ड कधी पाठवत नाहीस. तू मला "चि. अच्युत" कधी लिहीत नाहीस. माझ्या पत्राचं उत्तर नाही, साखळीचं नाही, मिरवणुकीचं नाही, आरतीला कोण बेसूर होतं ते नाही. आणि खाली काकांची ओळ नाही. चार वर्षांत एकदासुद्धा असं झालं नाही. ताप आला होता तेव्हाही त्यांनी लिहिलं होतं, "आज ताप आहे, उद्या शिव्या देतो."

मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. कडेला, पत्त्याच्या बाजूला. नाही.

सरळ सांग. मी बारका नाही.

अच्युत


बरखेडा
९ ऑक्टोबर १९७८

अच्यु,

तीन वेळा लिहायला बसले आणि कागद फाडला. आता एका दमात लिहिते, तू बसून वाच.

भालचंद्रकाका गेले.

चतुर्दशीच्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. चौकीदार म्हणतो, दहा वर्षांत असं पाणी बघितलं नव्हतं. चोवीस फूट. त्या दिवशी मात्र ऊन पडलं. पाच वाजले होते, काठावर सगळी टाउनशिप होती. दोन नावा फळ्यांनी बांधल्या होत्या, वर मूर्ती आणि नऊ माणसं, ओझ्याने नावा काठापर्यंत पाण्यात बसलेल्या. काका पुढे बांबू घेऊन उभे. पिंप लांबून छान दिसत होतं, लालभडक. काका ओरडत होते, "पिंपापासून लांब! डावीकडून घ्या, लांबून!" नाववाल्यांनी लांबून घेतलं. सगळे हसत होते, कारण काका मध्येच ओरडले, "नरहर, तुझ्या पिंपाला प्रसाद ठेवलाय!" बाबांनी काठावरून हात केला.

मग नाव जागच्या जागी थांबली. कशाला तरी टेकल्यासारखी. कोणाला काही कळेना, कारण तिथे काहीच नव्हतं. मागची माणसं पुढे आली, फळ्या कलल्या आणि मूर्ती काकांच्या अंगावर गेली.

आठ जण वर आले. नाववाल्यांनी ओढून काढले. काकांना काढायला वीस मिनिटं लागली. अच्यु, ज्या माणसाने अर्ध्या बरखेड्याच्या पोरांना पोहायला शिकवलं. ते त्याच कमानीच्या आत होते.

पिंप जागेवरून सरकलेलं होतं. ऐंशी पावलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि कोणाला कळलं नाही.

बाबा त्या दिवसापासून बोलत नाहीत. कारखान्यात जातात, येतात, भिंतीकडे तोंड करून बसतात. मंडळाने चौकशीची बैठक ठेवली आहे. मधुकरराव चारचौघांत म्हणाले, "नववी नापास पोराच्या पत्रावर पिंप उभं केलं, दुसरं काय होणार!" बाबा तिथेच होते.

काल काकांच्या घरी शशिकलाकाकूंनी मला हाताला धरून विचारलं, "वैजू, अच्युतने काय लिहिलं होतं गं? चुकीचं लिहिलं होतं का?" रागाने नाही, नुसतं विचारलं. मला आठवेना. पहिलं पत्र बाबांनी घेतलं ते परत दिलं नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि तुझं ऑगस्टचं, साखळीचं, ते गणपतीच्या गडबडीत मी वाचलं आणि "बाबांना विचारायचंय" म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यावर ठेवलं. तिथेच राहिलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुला आठवतं का, तू काय लिहिलं होतंस?

ताई


ओखा
१७ ऑक्टोबर १९७८

ताई,

मला आठवत नाही.

दोन दिवस तेवढंच करतोय. डोळे मिटतो आणि तो कागद आठवायला बघतो. बोयाच्या पाठीवर बसलो होतो, हाताला रंग होता, हे आठवतं. विडीचं लिहिलं होतं हे आठवतं. दोरी कुजते, हे लिहिलं होतं. साखळीचं लिहिलं होतं, पण तिप्पट लिहिलं का "खोलीइतकी" लिहिलं? मनात तिप्पट होतं. पण माझ्या मनात असतं एक आणि हातून होतं दुसरं, हे तुला माहीत आहे. अप्रेंटिसच्या जॉबच्या वेळी पण माझ्या मनात माप बरोबरच होतं. मी तर शपथ घ्यायला तयार होतो. बाबांनी गेज लावलं आणि दाखवलं.

मीच चुकीचं लिहिलं असणार. बाबा चूक करत नाहीत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं माप न तपासता घेतलं असेल, आणि तेच नेमकं चुकलं.

तांडेलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कागद कुठाय?" मी म्हटलं, बापाकडे. "मग कागद बघितल्याशिवाय कबूल कसा होतोस?" मी म्हटलं, तुम्ही माझ्या बापाला ओळखत नाही.

काल बोया वर घेत होतो. साखळी वर येत राहते, येत राहते, संपत नाही. मला एकदम दिसलं की तिकडच्या पिंपाची साखळी लगेच संपली असेल.

काकूंना सांग, मी लिहिलं चुकीचं. त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तू सांग. रजा मिळाली की मी येतो आणि त्यांच्यासमोर उभा राहतो. त्यांनी काय करायचं ते करावं. हे पत्र बाबांना पण दाखव. त्यांना बोलायचं नसेल तर नको. मी त्यांना दोष देत नाही, हे सांग.

ताई, तू डब्यावर ठेवलेलं पत्र फाडून टाक. त्याचा आता उपयोग नाही आणि तुला उगाच जाळत राहील.

अच्युत


बरखेडा, भोपाळ
२७ ऑक्टोबर १९७८

चि. अच्युत यास,

मी तुला आजवर पत्र लिहिलेलं नाही. हे पहिलं.

सोबत तुझं २ जुलैचं पत्र परत पाठवत आहे. दुसऱ्या पानावर खालून सातवी ओळ बघ. तू लिहिलं होतंस, "साखळी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट." त्यावर लाल पेन्सिलीची रेघ आहे. वर माझ्या अक्षरात "खोलीइतकी" लिहिलेलं आहे. बाजूला माझी सही आणि तारीख. ती सही मी सवयीने केली. दुरुस्ती केली की सही करायची.

माझा विचार असा झाला. सहासष्ट फूट साखळीवर पिंप चारी बाजूंना साठ फुटांपर्यंत फिरेल. फिरणारी खूण काय कामाची? पोरगं घाईचं आहे, अंदाजाने ठोकून दिलं असेल. म्हणून दहा वर्षांची सरासरी काढली आणि साखळी बावीस फुटांवर कापली. गणितात चूक नव्हती. पाणी चोवीस फूट आलं. पिंपाने भार उचलला.

तू असंही लिहिलं होतंस की लावून विसरायचं नाही. मी दर रविवारी काठावरून बघत होतो. ते ताठ उभं होतं. मला ताठ उभी गोष्ट बरोबर वाटते.

आता जे लिहायला जड जातं ते. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉवर उघडून हे पान पाहिलं. म्हणजे मला तेव्हापासून माहीत होतं. लोक तुझ्या पत्राला नावं ठेवत होते आणि मी ऐकत होतो. पाच आठवडे. मधुकर बोलला तेव्हा पान माझ्या खिशात होतं. मी बोललो नाही. भालचंद्र तेवीस वर्षं माझ्या शेजारी राहिला. त्याच्या तेराव्याला जेवलो तेव्हाही पान खिशात होतं.

वैजयंतीने तुझं १७ तारखेचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. न केलेली चूक तू कबूल केली होतीस, कारण "बाबा चूक करत नाहीत." ते वाचून मी उठलो आणि चप्पल न घालता शेजारी गेलो. शशिकलावहिनींना पान दाखवलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आधी त्या पोराला पत्र टाका." मग दार लावून घेतलं. ते अजून आम्हाला उघडलेलं नाही, आणि मी ठोठावतही नाही. परवा मंडळाच्या बैठकीत पान मी उभं राहून वाचून दाखवलं. मधुकरने मान खाली घातली. मला त्याचं समाधान वाटलं नाही. पोलीस चौकीतही जबाब बदलून दिला आहे. पुढे जे होईल ते होईल.

वैजयंतीने डब्यावरचं तुझं पत्रही आणून दिलं आणि रडली. मी तिला सांगितलं, तू ते वेळेवर दिलं असतंस तरी मी साखळी बदलली असती असं मला खात्रीने सांगता येत नाही. हे खरं आहे.

यंदा आपल्या रांगेत कोणी आकाशकंदील लावणार नाही.

बैठकीत ठरलं की पुढच्या वर्षी पिंप नको. तुझ्या पत्रात किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरण्याचं लिहिलं आहे. तसे दोन खांब काठावर उभे करायचे आहेत, रेल्वेच्या रुळांचे. ते सरकणार नाहीत. नावेतून दोन्ही एकामागे एक दिसले म्हणजे वाट मोकळी, असं मी समजतो. चूक असल्यास कळव. कुठे उभे करायचे हे इथे कोणालाच समजत नाही, मलाही नाही. तू ये. माप तू घे.

मी तपासणार नाही.

नरहर


ओखा
४ नोव्हेंबर १९७८

बाबा,

पान मिळालं. तांडेलांना दाखवलं. त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही केली. मला वाटलं होतं, आपलं बरोबर होतं हे कळल्यावर बरं वाटेल. तसं झालं नाही. मी धक्क्यावर बसून राहिलो. तिप्पट बरोबर असून काका नाहीत, मग त्या बरोबरचं काय करू?

आणि माझंही पूर्ण बरोबर नव्हतं. तिप्पट लिहिलं, पण का ते लिहिलं नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं, आणि मोठेपणापायी मी तांडेलांना विचारलं नाही. का ते लिहिलं असतं तर तुम्ही खोडलं नसतं. नुसता आकडा होता म्हणून खोडलात.

बारा तारखेला निघतो. आधी काकूंच्या दाराशी जाईन. उघडलं नाही तर पायरीवर बसेन, ती पायरी माझ्या ओळखीची आहे. मग तलावावर जाऊ. तुम्ही समजलात ते बरोबर आहे. दोन्ही खांब एका रेषेत ठेवून यायचं आणि ती रेष कमान टाळून, तिच्यापासून लांबून गेली पाहिजे. त्यासाठी आधी कमान नक्की कुठे आहे ते नावेतून बांबू टाकून शोधावं लागेल. त्या नावेत मी एकटा बसू शकणार नाही. तुम्ही या.

आणि बाबा, तपासणार नाही असं लिहिलंत ते वाचून मी फार घाबरलो. इथे माझं माप तांडेल तपासतात आणि तांडेलांचं मी. मी नववी नापास आणि ते तीस वर्षं समुद्रावर, तरी. तुम्ही गेज घेऊन या, पेन्सिल पण आणा.

फक्त खोडण्याआधी मला एकदा विचारा.

अच्युत